पासष्ट किलोखालचा किताब

"काका, चप्पल काढून उभे राहा," नौपाड्यातल्या डॉक्टरांकडची मुलगी म्हणाली, आणि सखारामनं चप्पल काढली, मग चष्मा काढला, खिशातलं पाकीट आणि घराच्या किल्ल्या कांताच्या हातात दिल्या आणि मगच काट्यावर पाय ठेवला. "अहो, चष्म्याचं काय वजन असतंय?" कांता म्हणाली तशी ती मुलगीही हसली. तो मात्र हसला नाही. काट्यावर चढायचं तर अंगावर परकं काही असू नये, श्वास रोखून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन चढावं, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं, पण काट्यापुढं आला की आजही तो शाळेतल्या पोरासारखा ताठ व्हायचा. लाल आकडे थरथरले, वरखाली झाले आणि थांबले. "बावन्न पॉइंट चार," मुलीनं सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं. बाकावरच्या माणसांनी मान वर करून त्याच्याकडं एकवार पाहिलं. "बघा, दोन किलो गेले. जेवायला बसलं की पुस्तक, पुस्तक मिटलं की तो खेळ. गिळणार कधी माणूस?" कांताचं सुरू झालं होतं, पण सखारामच्या डोक्यात त्या क्षणी वेगळाच हिशोब लागला होता: बावन्न पॉइंट चार, म्हणजे आपण सगळ्यात हलक्या, पंचावन्नखालच्या गटात. ह्या विचाराचं त्याचं त्यालाच हसू आलं, आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन थरथरला. फोन तेवढा काढायचा राहिला होता. म्हणजे वजन थोडं खोटं निघालं, असं वाटून तो चरफडला, आणि चष्मा लावून त्यानं निरोप वाचला. खेळाच्या लीगमधल्या सर्वेशचा होता. "नवीन अपडेटमध्ये टायटलचं वेट लिमिट ऑप्शनल झालंय. आपण काढून टाकू या. सगळ्यांना मिळून एकच ओपन टायटल. आज पाचला कॉल, फायनल करू. कृष्णाभाई, तुमचं पासष्टवालं पण जाईल मग. सॉरी हां." खाली उंचावलेले अंगठे लागत होते. एक, मग दोन, मग आणखी एक. डॉक्टरांनी आत बोलावून दंडाला पट्टा गुंडाळला आणि भुवया उंचावल्या. "जिना चढून आलात का? प्रेशर एवढं वर कसं?" जिना नव्हताच. दवाखाना तळमजल्यावर होता. काय सांगणार? की वयाच्या सत्तरीपुढं आपल्या हातून एक किताब चाललाय?

हा खेळ त्याला निवृत्तीनंतर सापडला. सापडला म्हणजे काय, सगळं आयुष्य ठाण्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालण्यात गेलेलं, घरी बसल्यावर हात रिकामे झाले, आणि जुन्या लॅपटॉपवर काहीबाही चाळताना तो ह्या खेळापाशी येऊन थांबला. त्यात चित्रं फार नव्हती. नुसती नावं, आकडे, रकाने. आपण एका कुस्ती कंपनीचे मालक व्हायचं, पैलवान घ्यायचे, त्यांना तालमीत घालायचं, किताब मांडायचे, आणि दर शनिवारी बटण दाबलं की कुस्त्यांचा वृत्तान्त पडद्यावर ओळीओळीनं उमटायचा. कोणी पट काढला, कोण मानेवर आला, कोण चितपट झाला. वाचायला मिळायचं म्हणून तो रमला, आणि गटांच्या पानावर आला तेव्हा पुरता अडकला. प्रत्येक किताबाला वजनाची मर्यादा लावता येत होती. पंचावन्नखालचा, पासष्टखालचा, ऐंशीखालचा, आणि मग मोकळा. त्यानं पहिल्या दिवशी तासभर नुसते गट लावले, जशी नव्या कपाटात पुस्तकं लावावीत. त्याला फार समाधान वाटलं. मग लीगमध्ये नाव घातलं. ठाणे, डोंबिवली, कल्याण असे इथलेच आठ जण, प्रत्येकाची आपापली कंपनी. सखारामनं आपल्या कंपनीचं नाव ठेवलं 'कृष्णाकाठ', गावच्या नदीवरून, आणि कोणी कोणाला पाहिलेलं नसल्यामुळं त्या पोरांनी त्याचंच नाव कृष्णा करून टाकलं. कृष्णाभाई. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाच्या मुलाला कृष्णाभाई! पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो एकटाच खुदखुदला होता, आणि दुरुस्त करायचं मनात आलं असूनही त्यानं केलं नाही. दुरुस्त करायचं तर आपण कोण ते सांगावं लागलं असतं, वय सांगावं लागलं असतं. कॉल व्हायचे तेव्हा तो ऐकायचा, माइक कधी लावायचा नाही. बोलायचं असेल ते टाइप करायचा, तेही दोनदा वाचून. बाकीच्यांनी एकशेवीस, एकशेचाळीस किलोचे धिप्पाड गडी जमवले. गर्दी त्यांना होते. सखारामनं हलके जमवले. आणि त्या हलक्यांतला पहिला, जो त्यानं स्वतः बनवला, उंची घातली, डोळ्यांचा रंग घातला, आवडता डाव घातला, तो चौसष्ट किलोचा, सात हंगाम पासष्टखालचा किताब कमरेला बांधून होता. त्याचं नाव त्यानं उत्तम ठेवलं होतं. का ठेवलं, हे विचारणारं तिथं कोणी नव्हतं.

दवाखान्यातून बाहेर पडून ते गोखले रोडनं स्टेशनकडं चालू लागले. कांता औषधांच्या दुकानात शिरली आणि तो बाहेर, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा राहिला. चरकातून चेंगरलेल्या चिपाडांचा वास आला आणि त्याला ना ठाणं दिसलं ना रिक्षा. गुऱ्हाळ दिसलं. कढईतल्या रसाची वाफ, आणि तिथला तो मोठा तराजू, तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगलेला, साखळ्यांची दोन पारडी, गुळाच्या ढेपा जोखायचा. शाळा सुटली की तो आणि उत्तम तिथं जायचे, कारण गुळव्या गरम काकवीचं बोट चाटायला द्यायचा. उत्तम पाटलाच्या भावकीतला. सखाराम वेशीबाहेरच्या वस्तीतला. वस्तीनं धर्म बदलला होता, गावानं मात्र वस्तीचं जुनं नाव बदललेलं नव्हतं. पण नदीच्या वाळूत कोण बघतंय? तिथं रोज दोघांची कुस्ती व्हायची. उत्तमला ढाक यायची, सखाराम एकलंगी घालायचा. कधी हा वर, कधी तो. एकदा गुळव्या बाहेर गेलेला असताना दोघं दोन पारड्यांत बसले. साखळ्या कुरकुरल्या, दांडी जरा इकडं झुकली, जरा तिकडं, आणि मग मधोमध येऊन अशी थांबली की दोघंही हलायला भ्यायले. पाय अधांतरी, समोरासमोर, एका उंचीवर. गुळव्या आला आणि ओरडायचं विसरून बघतच राहिला. "आरं तिच्या! एकाच भट्टीच्या ढेपा ह्या," तो म्हणाला होता. ती दांडी सखारामला अजून दिसायची. पुढं आयुष्यात त्याला कोणाच्या इतकं समोर, इतकं एका पातळीवर बसायला मिळालं असेल असं त्याला वाटत नव्हतं. कदाचित मिळालंही असेल, कॉलेजात, लग्नात, ग्रंथालयाच्या टेबलावर, पण काट्यानं दाखवलेलं नव्हतं. आणि त्याच चैत्रात जत्रा आली. बापानं बजावलं होतं, त्या देवाशी आता आपला संबंध नाही, तिकडं फिरकायचं नाही. पण कुस्त्यांचं मैदान काही देवळात नव्हतं, ओढ्याकाठी होतं, आणि उत्तमनं सांगितलं होतं, "तू हात वर कर. मी यीन." सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या असतात. तिथं काटा नसतो. पंच पोराचं मनगट धरून हात उंच करतो आणि गोल फिरवतो, "हाय का जोड ह्याला?" म्हणत, आणि गर्दीतून त्याच्या अंगाबेताचा दुसरा पोरगा उठून येतो. पंच दोघांना शेजारी उभं करून नजरेनं जोखतो. नजर, बस. सखाराम आईच्या लुगड्याच्या फाटक्या पदराचा लंगोट बांधून गेला होता. हलगी कडकडत होती. पंचानं त्याचा हात उचलला. त्या म्हाताऱ्या पैलवानाची मूठ इतकी मोठी होती की सखारामला आपलं मनगट दिसेचना. "हाय का जोड?" एक फेरा झाला. लोक शेंगा सोलत बसले होते. उत्तम पुढच्याच रांगेत होता, लंगोट बांधून, अंगाला माती लावून. त्याच्या खांद्यावर त्याच्या बापाचा हात होता. दाबलेला होता की नुसता ठेवलेला, हे सखारामला तेव्हाही कळलं नाही आणि पुढं साठ वर्षं विचार करूनही कळलं नाही. दुसरा फेरा झाला. हलगीवाल्यानं हात थांबवला. "वजनात बसंना कुनी," पंच मोठ्यानं म्हणाला, आणि सखारामच्या ओंजळीत रेवड्या ओतल्या. जिंकणाऱ्याला द्यायच्या त्याच्या दुप्पट. त्या पंचानं हे पोराची लाज राखायला म्हटलं की गावाची, की त्याला खरंच तसं दिसलं, कोण जाणे. सखाराम रेवड्या घेऊन घरी गेला नाही. ओढ्यावर बसून त्यानं एकेक करून त्या सगळ्या खाल्ल्या. गोड होत्या, हीच मोठी पंचाईत होती.

"रस पिणार का?" कांता औषधं घेऊन आली होती. तो नको म्हणाला. "मग बघत काय उभे राहिलात गाड्याकडं? चला." दुपारी ठाकुर्लीला घरी येऊन जेवण झालं, पण अंगातली शिरशिरी काही केल्या उतरेना. त्याला आधी वाटलं की ही भीती आहे. मग लक्षात आलं की भीती आहेच, पण तिच्याखाली दुसरं काहीतरी आहे, आणि ते अजिबात वाईट नाही. पाच वाजता काय बोलायचं ते त्यानं मनातल्या मनात रचलं. वजनी गट कशासाठी असतात. गट म्हणजे भिंत नव्हे, दार. छे, हे फार पुस्तकी झालं. हलक्या पैलवानाला स्वतःची कुस्ती मिळायला हवी. हे बरं होतं, पण कोण ऐकणार? आपल्या आवाजात थरथर येते, ती ऐकून हसतील. मुळात ही पोरं, हा त्यांचा खेळ, आपण त्यात म्हातारपणी शिरलेलो. सर्वेश म्हणतो तसंच असेल, एकच किताब बरा, सुटसुटीत. आपली सवयच आहे प्रत्येक गोष्टीला कप्पा शोधायची. आपण लीग सोडून द्यावी, पुस्तकं आहेतच की. असा विचार करत तो खोलीत इकडून तिकडं फिरत होता, आणि दर फेरीला घड्याळाकडं बघत होता, आणि पाच लवकर वाजावेत असंही त्याला वाटत होतं. "अहो, बसा की जरा. लग्नाला उभं राहिल्यासारखे काय फिरताय?" दारात मेथीची जुडी घेऊन बसलेली कांता म्हणाली. लग्नाच्या वेळीसुद्धा आपण इतके घाबरलो नव्हतो, असं त्याच्या मनात आलं.

पडद्यावर आठ चौकोन उघडले. चेहरे कोणाचेच नव्हते, नुसती अक्षरं. सर्वेशच्या मागून घोडबंदर रोडचे हॉर्न ऐकू येत होते. "आले का सगळे? मी गाडीत आहे, मानपाड्याला अडकलोय, मधेच गेलो तर समजून घ्या. कृष्णाभाई पण आहेत, म्यूटवर, नेहमीसारखे." डोंबिवलीचा प्रीतम फिसकन हसला. "कृष्णाभाईचा आवाज ऐकलाय कोणी? मला तर वाटतं बॉट आहे तो. सात सीझन एकच पैलवान, एकच पवित्रा. माणूस बोअर होऊन मेला असता." सर्वेश म्हणाला, "ऐका ना, सिंपल आहे. हलक्यांना पब्लिक बघत नाही. माझा एकशेचाळीसवाला आला की तिकिटं संपतात. एकच किताब ठेवू, ज्याच्यात दम आहे तो घेईल." "म्हणजे तुझाच घेईल ना? मग सरळ बोल की," एक मुलीचा आवाज आला. कल्याणची ऋजुता. तिचं बोलणं सखारामला नेहमी आवडायचं, चाकू धारेला लावल्यासारखं. "अगं, तसं नाय. मी लीगचा कमिशनर आहे, मी जोड्या बॅलन्स करूनच लावणार. वजनबिजन कशाला पाहिजे? नुसतं बघितलं तरी कळतं ना कोण कोणाला फिट आहे ते."

नुसतं बघितलं तरी कळतं. सखारामचं बोट माइकच्या खुणेवर कधी गेलं ते त्याचं त्याला समजलं नाही. आधी त्याचा खोकलाच सगळ्यांना ऐकू गेला. "नाही कळत," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला, विहिरीतून आल्यासारखा. "नुसतं बघून काही कळत नाही." मग सर्वेश एकदम अदबीनं म्हणाला, "नमस्कार काका. कृष्णाभाईंचे बाबा बोलताय का? त्यांना देता का जरा फोन?" "मीच बोलतोय. माझं नाव सखाराम. कंपनीचं नाव कृष्णाकाठ." "आयला!" प्रीतम ओरडला. "काका, परवा चॅटवर मी तुम्हाला 'चल निकल' म्हणालेलो." "हो. वाचलं मी." "सॉरी ना काका." "असू दे. तुझा तो हप्त्याचा डाव चुकलाच होता, मी तेव्हाही तेच लिहिलं होतं." ऋजुता मोठ्यानं हसली, आणि त्या हसण्यानं सखारामचे कान गरम झाले, पण छातीतलं काहीतरी सुटलं. दुपारभर रचलेली वाक्यं आता एकही आठवत नव्हती. मग जे तोंडाला येईल ते तो बोलत गेला. "बघणाऱ्याला जे बघायचं असतं तेच दिसतं बाळांनो. कोणाला ह्याच्याशी लढवायचं नाही हे आधी ठरतं, आणि मग तो अंगानं बसत नाही म्हणायचं. पारड्यात बसवलं की तसं म्हणता येत नाही. म्हणून काटा लागतो. हलक्या गड्याला निदान एवढं तरी कळतं, की समोर कोणी आला नाही तो आपल्या वजनामुळं नाही." बोलून झाल्यावर आपण किती बोललो ह्याची त्याला धडकी भरली. माइक बंद करावा असं वाटलं. सर्वेशच्या मागं घोडबंदरचे हॉर्न वाजत राहिले.

"काका, पॉइंट भारी आहे," सर्वेश म्हणाला, आणि तो खरंच तसं मानत असावा असं त्याच्या आवाजावरून वाटलं. "पण तुमच्या गटात तुमच्याशिवाय आहे कोण? तुमचेच पैलवान तुमच्याच पैलवानांशी लढतायत. मला वाईट नाय दाखवायचं, पण समोर दुसरी कंपनी नसेल तर तो किताब कसला? असं करू, तुम्ही विचारा. आत्ता, सगळ्यांसमोर. पासष्टच्या आतला पैलवान घेऊन कोणी यायला तयार असेल तर तुमचा गट राहिला. नसेल तर काढू. फेअर आहे ना?" फेअर होतंच. सखारामला नाही म्हणता येईना. विचारा, म्हणे. तो खुर्चीतून उठला. कशासाठी उठला कोण जाणे, पण बसून विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पायांखालची फरशी गार होती. हलगी ऐकू येत होती, की ते कानातलं रक्त होतं? त्यानं पडद्यावरच्या त्या अक्षरांच्या चौकोनांवरून डावीकडून उजवीकडं नजर फिरवली. "आहे का कोणी?" कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी घसा साफ केला. एकानं "माझ्याकडे नाय हां काका" असं पुटपुटून सांगितलं. बाकी शांत. एक फेरा झाला, त्याच्या मनात आलं. आता दुसरा. दुसऱ्या फेऱ्यानंतर हलगी थांबते. त्याला वाटलं की आत्ताच लॅपटॉप मिटावा, रेवड्या घ्याव्यात आणि निघावं. "पासष्टच्या आतला," त्यानं पुन्हा विचारलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. "कोणी येतंय का?" दारातून कांतानं मेथी निवडता निवडता वर पाहिलं. "अहो," ती हळूच म्हणाली, "हात का वर केलाय तुम्ही?"

"मी येते." ऋजुता होती. "माझ्याकडे पिंगळा नावाचा एक आहे. चपळ आहे, पण कधी खेळवलाच नाय त्याला, कुठे खेळवणार? पण काका, थांबा हां... बघते... सदुसष्ट. शी! दोन किलो जास्त भरतोय." "मग नाय चालणार!" सर्वेशला हसू आवरेना. "आत्ताच काका म्हणाले, काटा म्हणजे काटा. वजनात बसत नाय पिंगळा. सॉरी ऋजू." सगळे हसले. त्या हसण्यात दुष्टपणा काही नव्हता. सखारामचा हात अजून वरच होता. वजनात बसत नाही. हेच शब्द, आणि ह्या खेपेला ते त्याच्याच काट्यानं बोलले होते. समोर एक जण उठून आली होती, आणि मधे होते दोन किलो. नियम त्याचाच, आकडा त्याचाच. काट्याला धरून राहावं तर जोड जाते, आणि काटा सोडावा तर आत्ताचं सगळं बोलणं वाऱ्यावर. मग त्याला ती दांडी दिसली, मधोमध थांबलेली. ती काही आपोआप थांबली नव्हती. पहिल्यांदा उत्तमचं पारडं जरा खाली गेलं होतं, आणि उत्तमनं पायातली वहाण काढून खाली टाकली होती. टाकली होती खरंच! हे त्याला साठ वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. उत्तमच्या पायात वहाणा होत्या, त्याच्या पायात नव्हत्या. उत्तमला बरोबरीनं बसायचं होतं, म्हणून दांडी सरळ झाली. मैदानात एवढंच कोणाला हवं नव्हतं.

"किताब माझा आहे," सखाराम म्हणाला, आणि आवाज थरथरला नाही. "मर्यादा मी लावलीय. आता मीच ती अडुसष्ट करतो, तुमच्या सगळ्यांच्या समोर. जो कोणी अडुसष्टच्या आत असेल त्यानं यावं. कोणाचाही असो. पुन्हा बदलणार नाही." "काका, ही चीटिंग आहे!" सर्वेश ओरडला. "चीटिंग कसली? एकाला सोडून दुसऱ्याला घेतलं असतं तर चीटिंग. बघ, तुझ्याकडंही असेल कोणी कोपऱ्यात पडलेला." "एक मिनिट, एक मिनिट," प्रीतम मधे घुसला, "अडुसष्ट? माझा चंद्या अडुसष्टच्या आतच आहे ना! सदुसष्ट पॉइंट आठ! मी पण येणार. ए, मी पण!" "लाइनीत ये," ऋजुतानं त्याला दटावलं. "आधी मी उठलेय. काका, आजच घेऊ या ना? पण सांगून ठेवते, वयाची दया नाय दाखवणार हां. पिंगळा उतरला की कल्याणला येऊन रडायचं नाय." "बघू या कोण रडतंय," सखाराम म्हणाला. असलं वाक्य त्याच्या तोंडून जन्मात गेलं नव्हतं. कांतानं मेथीची जुडी खाली ठेवली आणि पदराला हात पुसत ती त्याच्या मागं येऊन उभी राहिली. "घ्या मग, राहू द्या हा गट," सर्वेश म्हणाला. "मानपाडा हलतंय. लावतो मी कुस्ती. पवित्रे भरा."

हात खाली आला तेव्हा तो खांद्यापर्यंत बधिर झाला होता. सखारामनं किताबाच्या रकान्यात पासष्ट खोडून अडुसष्ट केलं. पवित्र्याच्या जागी सात हंगाम एकच शब्द होता, सावध. त्यानं तो काढला आणि आक्रमक निवडला. आवडता डाव, ढाक. "कोणाशी आहे?" कांतानं विचारलं. "कल्याणची पोरगी आहे एक. तिखट आहे." "आणि आपला कोण?" "उत्तम." हे नाव तिनं लग्नानंतर एकदाच कधीतरी ऐकलं होतं, आणि तेव्हा तो पुढं बोलला नव्हता. तिनं फक्त खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. ओळी उमटू लागल्या. सलामी झाली. पिंगळ्यानं पट काढायला झेप घेतली. उत्तम निसटला. पिंगळा मागं गेला, कमरेला विळखा, उत्तम गुडघ्यावर. जिंकायचं होतं सखारामला. हे त्याला आत्ता, पहिल्यांदा कळलं, की समोर कोणी असलं की आपल्याला नुसतं लढायचं नसतं, पाडायचं असतं, आणि ही भूक इतकी वर्षं कुठं निजली होती? उत्तम उठला. कंबर सोडवली. ह्या खेपेला त्याच्या खांद्यावर बापाचा हात नव्हता. असलाच तर सखारामचाच होता, आणि तो मागून ढकलत होता. पिंगळ्याचा हात उत्तमच्या बगलेत आला. आता, आता ढाक! "पाड रे!" सखाराम ओरडला, मूठ टेबलावर आपटून, गावच्या आवाजात. "पाड त्याला, उत्तम! सोडू नगंस!"

"काका," लॅपटॉपमधून ऋजुता हसत म्हणाली, "माइक चालू आहे तुमचा. सगळं ऐकू येतंय."

"येऊ दे," तो म्हणाला, आणि पुढच्या ओळीकडं झुकला.